दुसरा डबा

९६ साली मी सातवीत होते. विज्ञानाच्या सरांनी घरी करायला प्रयोग दिला. दोन डब्यांत वालाची रोपं लावायची. माती तीच, ऊन तेच, फरक फक्त एकच ठेवायचा : एकाला रोज पाणी घालायचं, दुसऱ्याला अजिबात नाही.

घणसोलीच्या आमच्या खोलीला एकच खिडकी होती. तिच्यात मी श्रीखंडाचे दोन रिकामे डबे ठेवले आणि नेमाने एकालाच पाणी घातलं. आठवडा झाला तरी दोन्ही रोपं हिरवीगार! सरांनी वहीत लाल पेनने लिहिलं, 'प्रयोग चुकला. पुन्हा करा.' पुन्हा केला, तर पुन्हा तेच.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरी आले, तर बाबा खिडकीशी उभे. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, डॉक्टरांनी दिवसाला तीनच ग्लास पाणी सांगितलं होतं. त्यातला अर्धा ग्लास ते दुसऱ्या डब्यात ओतत होते.

"बाबा, माझा सगळा प्रयोग बिघडवला तुमी!" मी ओरडले.

"संघे, मला डॉक्टरनी तीन ग्लास तरी दिलेत," ते ओशाळून म्हणाले. "त्याला एक पण नाय गं."

मी तिसऱ्यांदा डबे लावले आणि त्याच आठवड्यात बाबा गेले. त्यांच्या जलदान विधीला खोलीभर माणसं जमली होती, तेव्हा खिडकीतलं दुसरं रोप पार वाळून गेलं होतं.



सरांनी वहीत लिहिलं, 'शाब्बास! या वेळी काहीच चुकलं नाही.'