प्रोजेक्टरची वायर

“एकेक मत पडद्यावर येऊ दे, सगळ्यांसमोर मोजू,” मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि वर्गात जिला इंजिनीअर म्हणत, ती लॅपटॉप उघडता उघडता थांबली. शाळेच्या लुटुपुटूच्या निवडणुकीचं ऑनलाइन पान तिने जिवलग मैत्रिणीबरोबर बनवलं होतं. मैत्रीण उमेदवारही होती. चाचणीसाठी इंजिनीअरने प्रत्येक मतापुढे मतदाराचं नाव येईल असं केलं होतं. ते काढायचंच राहिलं, हे आत्ता आठवलं. “मत गुप्त राहील,” असं वर्गावर्गात छातीठोकपणे सांगून आली होती! आणि तिचं स्वतःचं मत? मैत्रीण निवडून आली की आपल्याला विचारणार नाही, या धास्तीने तिने दुसऱ्यालाच दिलं होतं. ती प्रोजेक्टरची वायर लॅपटॉपला लावू लागली. मैत्रिणीने वायर हातातून काढून घेतली. “बाई, वायर खराब आहे,” ती मोठ्याने म्हणाली. मग हळूच, “तुझं मत मी कालच पाहिलंय.”