ओळख ना पाळख

आमच्या लग्नाची फोटोग्राफर माझ्या होणाऱ्या नवऱ्यानेच शोधली. "नवखी आहे, म्हणून स्वस्तात करतेय. जाहिरात बघून फोन केला, मी काही ओळखत नाही तिला." हे शेवटचं वाक्य त्याने कुणी न विचारता दोनदा सांगितलं, आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

पण लग्नात ती लेन्सचं झाकण न काढताच फोटो घ्यायला लागली. "स्वस्तातली हवी होती ना? घ्या आता!" आत्या फणकारली. पोरगी खरंच नवखी होती. संशय घेतल्याबद्दल मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग आम्हा दोघांची पाळी आली. "काका, जरा बाजूला व्हा. ताई, हनुवटी थोडी वर," ती म्हणाली आणि कॅमेऱ्यातून बघता बघता नवऱ्यावर वैतागली,

"असा काय हसतोयस? नेहमीसारखं हस ना!"