कापलेली कड

नवरा परागंदा होऊन वर्ष उलटलं होतं, आणि गेल्या महिन्यापासून सासूबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. लेकाचा ध्यास घेतलाय, असंच सगळे म्हणायचे. तो जिवंत दिसला तरी त्या जेवतील, या आशेने सून नेटवरचे बाजारांचे व्हिडिओ पालथे घालायची. अखेर एकात तो सापडला, भाजीच्या गाड्यापाशी हसताना. तिने तडक स्टुडिओ गाठला.

"एवढंच हसणं पुन्हा पुन्हा दिसेल, असं जिफ करून द्या. उजवी कड मात्र कापा."

"ती बाई आणि कडेवरचं मूल जाईल," एडिटर म्हणाला, "पण तिचा हात यांच्या खांद्यावर उरतोय."

"हातही पुसा. तुमच्या पाया पडते."

घरी येऊन तिने मोबाईल सासूबाईंच्या डोळ्यांसमोर धरला. "बघा आई, ठणठणीत आहेत. आता तरी दोन घास खा."

सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि तिचा हात घट्ट धरला.

"शेजारणीने मला महिन्यापूर्वीच अख्खा व्हिडिओ दाखवला गं. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते?"