शेजारच्या सीटवरचा माणूस

"फोटो नको," वेणूबाई म्हणाल्या. "आणि बाराच्या आत आटपा. आज तिथी आहे."

सुशीलाने कॅमेरा पिशवीत परत ठेवला. ती विद्यानगरच्या कॉलेजात शिकवायची. विमान अपघातातून वाचलेल्या माणसांच्या हकीकती त्यांच्याच तोंडून ऐकून ती पुस्तक लिहीत होती. केशवापूरच्या या घरी तिची ही चौथी फेरी. तीनदा वेणूबाईंच्या यजमानांनी, मुकुंदरावांनी, नाही म्हटलं होतं. अठ्ठावीस वर्षांत ते त्या विमानाबद्दल परक्या माणसाशी बोलले नव्हते.

"बोलतो," ते म्हणाले. धुराने बसलेला त्यांचा घसा पुन्हा कधी सुटला नव्हता. चेहऱ्याची कातडी एका बाजूने ओढलेली होती. "पण एक अट. माझं कमी लिहा. शेजारच्या सीटवर जो होता, त्याचं नीट लिहा. त्याचं लिहिणारं दुसरं कोणी नाही."

सुशीलाने वही उघडली.

"सत्तावन्न साली मुंबईहून निघालो. आमची ओळखदेख नव्हती. तो पोरका, एका मठात वाढलेला. धक्क्याने त्याचा चहा माझ्या धोतरावर सांडला, तेव्हा दोघं हसलो. एवढीच ओळख. मग ढग आले. मग खिडकीत झाडं दिसली. मला वाटलं, उतरलो."

स्वयंपाकघरातला बत्त्याचा आवाज थांबला.

"शुद्धीवर आलो तेव्हा ऊन पडलं होतं. आम्हा दोघांखेरीज कोणी हाकेला ओ देईना. त्याचे पाय सीटखाली चेपलेले. पत्रा हलवून पाहिला, हलेना. मग मी बोलत बसलो आणि तो ऐकत होता."

"काय बोललात?"

"घराचं. कोप्पीकर रोडवर कुठं वळलं की दुकान लागतं, इथपासून सगळं. पोरगी पोटावर झोपते, ते. हिच्या हातची कारळ्याची चटणी. निघताना हिच्याशी भांडून अबोला धरला होता. घरी गेल्यावर आधी माफी मागायची, हे दहादा बोललो."

"आणि ते?"

"कान देऊन ऐकत होता. दुपार कलली आणि तो गेला."

वेणूबाई बाहेर आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "पुढचं मी सांगते. यांना दम लागतो. पेपरात आलं, कोणी जिवंत राहिलं नाही. यांचे आईवडील आधीच गेलेले, भाऊबंद कोणी नाहीत. दर्भाचा पुतळा करून मीच दहन करवलं. दिवस घातले. आणि पाचव्या महिन्यात, रानातल्या वस्तीवर जखमा भरल्यावर, हे दारात उभे. तोंडातून शब्द फुटायच्या आत पोरगी पायाला बिलगली, 'अप्पा आला' म्हणून."

"तुम्ही काय केलंत, अक्का?"

"काय करणार? पाणी दिलं. तिथं बाहेर बसूनच दोघं बोललो. मग भटजींना, बाळाचार्यांना, बोलावणं धाडलं. ते म्हणाले, नवरा परत आला, कुंकू लाव, झालं. मी म्हटलं, ज्याचे दिवस घातले तो तसाच घरात घेता येत नाही. पुन्हा जन्म, पुन्हा बारसं, पुन्हा लग्न, शास्त्रात आहे ते सगळं करा."

मुकुंदराव हसले. "तुपाने न्हाऊ घातलं मला. धोतराची झोळी बांधून तीत बसवलं. शेजारची यल्लव्वा ओरडली, 'अक्का, बाळाला मिशा फुटल्यात की गं!' सगळी गल्ली हसत होती."

"नाव मात्र जुनंच ठेवलं," वेणूबाई म्हणाल्या. "दुकानाची पाटी कोण बदलणार? लग्न लागेपर्यंत हे दुकानातच झोपले. उंबरा ओलांडू दिला नाही मी."

"इतकं कडक?"

"हौद्री, होच. मला अर्धवट चालत नाही. आता सत्तावीस वर्षं झाली आमच्या लग्नाला."

सुशीलाने बोटांवर हिशेब केला. "पण तुमची लेक कुसुम बत्तीसची ना?"

"मी दुसऱ्यापासून मोजते," वेणूबाई म्हणाल्या. तिघंही हसले.

पावणेबारा झाले होते. सुशीलाने शेवटचं विचारलं, "त्या शेजारच्या सीटवरच्यांचं नाव?"

मुकुंदरावांनी तोंड उघडलं आणि बायकोकडे पाहिलं.

"दत्तात्रय," वेणूबाई म्हणाल्या.

सुशीलाने ते वहीत लिहून खाली रेघ ओढली. "आजची तिथी त्यांचीच?"

"हो. दरवर्षी आम्हीच करतो. भटजी बोलावत नाही. पाणी सोडायचं, पान वाढायचं, एवढंच."

केळीचं पान वाढून तयार होतं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. कडेला काळपट चटणीचा गोळा. सुशीला धारवाडचीच, इकडची रीत तिला ठाऊक होती; तिला नवल वाटलं.

"श्राद्धाच्या पानात कारळ्याची चटणी?"

"चालते."

"काकांना आवडते म्हणून वाटतं?"

"हे शिवत नाहीत तिला. भाजल्यापासून तिखट सोसत नाही."

सुशीला दोघांच्या पाया पडली. मुकुंदराव फाटकापर्यंत आले. "त्याचं नीट लिहा," ते पुन्हा म्हणाले. "भला माणूस होता. मरतानाही घरच्यांचाच घोर."

ती वळून काही विचारणार होती, पण कोपऱ्यावर सिटी बस येताना दिसली. ती धावत सुटली.

वेणूबाईंनी दार लावून घेतलं. ते पाटावर बसले. त्यांनी ओंजळीत तीळ आणि पाणी घेतलं. शेजारी वेणूबाई हात जोडून उभ्या राहिल्या.

"त्यांची माफी तुम्ही तेव्हाच आणून पोचवलीत," त्या म्हणाल्या. "आज माझी त्यांना सांगा. अबोला मीही धरला होता."

त्यांनी मान हलवली, पाणी सोडलं आणि बसक्या आवाजात नाव घेतलं, "मुकुंद."