नायट्याची ट्यूब

राणीनं मेडिकलच्या काउंटरवर ट्यूब ठेवली. ती उभी चिरलेली होती आणि आतून पुसून काढलेली.

“हीच द्या मॅडम. मोठी असली तर मोठी.”

काउंटरमागच्या सुकेशनीनं ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि सोबत जहाल स्टेरॉइड.

“नायटा कुणाला झालाय?”

“ह्यांना. कापसाच्या जिनिंगवर घामानं कमरेला झालाय. पर ही हिच्यासाठी पायजे.”

तिनं मागं उभ्या मुलीला पुढं ओढलं. ज्ञानेश्वरी, सहावीत. गाल लालभडक. नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक शिरा दिसत होत्या आणि ओठावर या वयात येऊ नये अशी लव होती.

“हिच्या तोंडाला लावता?”

“नायट्याच्या कडंची ह्यांची कातडी गोरी पडली ना. म्हनलं, कमरेला गोरं होऊन काय उपेग? दिवाळीपासून हिला लावायलेय. आता गॅदरिंगच्या डान्समधी बाईनं पयल्या लाइनीत घेतलंय. आधी मागं हुती.”

“ताई, ही गोरी होत नाही. हिची कातडी पातळ होतेय. बंद करा.”

“केली की बंद, संपली तवा. नुसती आग आग. मग चिरून आतलं लावलं, तवा गप झाली.” राणीनं ट्यूबवर बोट ठेवलं. “लावलं की थंड, सोडलं की आग. मग औशद कोनतं अन् रोग कोनता, तुमीच सांगा.”

सुकेशनीनं सांगितलं. कातडीला या औषधाची सवय लागते. सोडलं की आग होते, ती काही आठवडे राहू शकते. म्हणून ते कातडीच्या डॉक्टरला दाखवून सोडायचं. राणी मान डोलवत सगळं ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “बरं. अन् ही ओठावरची केसं जायची क्रीम बी द्या. कंची चांगली?”

सुकेशनीनं डोळे मिटले आणि उघडले.

“ते केस या ट्यूबनंच आलेत, ताई.”

“काय बी. ह्यांच्या कमरेला कुठं आलीत?”

“बरं, त्यांचा नायटा गेला का?”

राणीनं ट्यूबवरचं बोट काढून घेतलं.

“न्हाई. पाठीवर गेलाय आता.”

“ही ट्यूब लावून?”

लेकीची हनुवटी धरून राणीनं तिचं तोंड उजेडाकडं वळवलं आणि बराच वेळ पाहिलं. मग ट्यूब उचलून दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

“चल गं. दवाखान्यात जाऊ. डान्स गेला खड्ड्यात.”

ती पायऱ्या उतरली. ज्ञानेश्वरी मात्र काउंटरशी सरकली.

“ताई, आगीचं काय न्हाई. पर सोडल्यावर मी परत काळी होईन का?”

“आधी होतीस तशी होशील,” सुकेशनी म्हणाली. “छान दिसशील.”

“आधी मी मागच्या लाइनीत होते,” मुलगी म्हणाली आणि दाराकडं गेली.

सुकेशनीनं पुढच्या गिऱ्हाइकाच्या गोळ्या काढल्या, पाकिटात घातल्या. पाकिटाचा फाटका तुकडा टाकायला ती डब्याशी आली, तेव्हा डबा रिकामा होता.

तिनं काचेतून बाहेर पाहिलं. कापसाचा ट्रॅक्टर जाईपर्यंत राणी रस्त्याच्या कडेला थांबली होती. तिच्या पाठीमागं ज्ञानेश्वरी चिरलेल्या ट्यूबमध्ये बोट फिरवत होती. आत काहीच उरलेलं नव्हतं. तरी तिनं ते बोट आधी एका गालाला लावलं, मग दुसऱ्याला.