मुठीवरचा नारिंगी

पिस्तुलाची मूठ नव्यासारखी झाली तर दोघांचाही फायदा होता. गार्डची फाटकावरची उभी ड्यूटी सुटून त्याला साहेबांच्या गाडीत पुढची सीट मिळणार होती. आणि त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा मोठा भाऊ, हत्यारदुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला कंपनीच्या सगळ्या पिस्तुलांचं काम मिळणार होतं. तसा शब्द गार्डनेच वर टाकून ठेवला होता. फक्त उद्याच्या तपासणीत त्याचं स्वतःचं पिस्तूल निष्कलंक दिसायला हवं होतं.

नातेवाइकाकडे काम नेलं की कुठे नोंद होत नाही, ही सोय. तो प्रश्न विचारतो, ही गैरसोय.

मेहुण्याने मॅगझिन काढलं, स्लाइड ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि मगच तोंड उघडलं.

"कशाने झालं?"

"पडलं. फाटकाशी, खडीवर."

"आणि बूटपॉलिश? तेही खडीवरच होतं?"

गणवेशातल्या माणसाला कुठल्याही काळ्या वस्तूवर हाच एक इलाज सुचतो.

मेहुण्याने साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेतला. पॉलिश निघालं तसे प्लास्टिकच्या मुठीवरचे पांढरे ओरखडे उघडे पडले. पकड राहावी म्हणून मुठीवर बारीक दाणे असतात. एका बाजूचे अर्धे झिजले होते.

"खडीवर पडलं तर खाच पडते, जावईबापू. हे गोल गोल आहे. तारेची घासणी आहे ही. आमची बहीण तर म्हणते, तुम्ही घरात कप विसळत नाही."

"तुम्ही काम करा ना, दादा."

"करतोय की."

त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि उरलेल्या दाण्यांमधून सुई फिरवली. सुईच्या टोकावर नारिंगी कण आला. त्याने तो बोटांनी चोळला. मेणासारखा पसरला. तेलखडू. भाचीच्या वाढदिवसाला रंगांची पेटी त्यानेच तर नेली होती.

पुढचं त्याने विचारलं नाही, करून बघितलं. स्टुलावर बसला, पिस्तूल उलटं करून मांडीत घेतलं. रंगवायची बाजू वर, मूठ डाव्या हाताने धरलेली, उजवा हात खडूसाठी मोकळा. चार वर्षांची मुलगी धरील तसं. नळीचं तोंड त्याच्या पोटाला येऊन टेकलं.

त्याने पिस्तूल परत टेबलावर ठेवलं.

"मॅगझिन लावलेलं होतं?"

"सेफ्टी होती, दादा."

"मी ते विचारलं नाही."

गार्डने पुढ्यातल्या टेबलाची कड नखाने खरवडली. "ड्यूटी संपली की कंपनीच्या कपाटात जमा करायचं असतं. किल्लीवाला लवकर निघून गेला होता, म्हणून घरी आणलं. अंघोळीला गेलो तेवढ्यात. कपाटावर ठेवलं होतं हो. ती खुर्चीवर चढली."

"खडू कुठाय?"

"फेकला. तिलाही दम दिलाय, आईला सांगायचं नाही म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हिला कळलं तर पोरीला घेऊन निघून जाईल. तुम्ही ओळखता तिला."

मेहुणा ओळखत होता. लहानपणी एका खोट्यापायी ती त्याच्याशी वर्षभर बोलली नव्हती.

तो कामाला लागला. आधी बारीक पॉलिशपेपरने ओरखडे उतरवले, मग तापवलेल्या सुईच्या टोकाने एकेक दाणा पुन्हा उठवत गेला. प्रत्येक दाण्याला थांबत होता. हे कामाचं थांबणं होतं की विचाराचं, ते गार्डला कळेना, म्हणून तो उगीचच "वा" म्हणत राहिला. शेवटी जुने दाणे कुठले आणि नवे कुठले, हे दाणे उठवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात दारात गार्डची बायको आली. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात मुलगी.

"झालं का तुमचं? घरी जाता जाता म्हटलं बरोबरच जाऊ. आणि दादा, हिने तुझ्यासाठी चित्र काढलंय."

मुलीने घडी केलेला कागद पुढे केला. घर, झाड, चार माणसं. वर सूर्य.

"सूर्य निळा कसा गं?"

उत्तर आईने दिलं. "नारिंगी हरवून बसलीय. तू आणलेली नवी कोरी पेटी, आणि आठवडाभरात एक खडू गायब. कुठे टाकलास म्हणून विचारलं तर तोंड उघडेना. शेवटी दोन धपाटे घातले, तेव्हा कबूल झाली."

मेहुण्याने गार्डकडे बघितलं. गार्ड मूठ न्याहाळत होता.

"मी हरवला, मामा," मुलगी म्हणाली. आणि बरोबर सांगितलं ना, अशा नजरेने तिने बाबांकडे बघितलं.

मेहुण्याने तोंड उघडलं. बहीण पिशवी खाली ठेवून त्याच्याकडे बघत होती. टेबलावर नारिंगी डागाची चिंधी पडली होती. त्याने ती उचलली, डाग आत जाईल अशी घडी घातली आणि खणात टाकली.

"बाकीची पिस्तुलं कधी पाठवताय?" त्याने गार्डला विचारलं.

तपासणीत पिस्तूल पास झालं. गार्डला गाडीतली सीट मिळाली, दुकानाला काम मिळालं, बहिणीचा संसार जागच्या जागी राहिला. एवढ्या सगळ्याला खर्च आला तो दोन धपाट्यांचा, आणि तोही आधीच चुकता झाला होता.