विनंती थांबा

माझ्या छापखान्यात बायंडिंग करणाऱ्या कंधारच्या उज्वलाताईंच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. ‘मालक, बस छापखान्यावरून पुढं जाती. नाक्यावरून उन्हात माघारी चालणं होत न्हाई. काम सोडते.’ गड्यांनी मोटारसायकली घेतल्या होत्या. मला कुतूहल वाटत राहिलं, बाकीच्या बाया येतात तरी कशा? एकदा कंधारहून त्याच बसनं निघालो. छापखाना दिसताच चाचरत विचारलं, “इथं थांबवता का?” “थांबा न्हाई, काका,” कंडक्टर म्हणाला. “कुणी मागितलाच न्हाई. इथल्या बाया रोज नाक्यावरून चालत येतात. मालकानं कधी पुसलं न्हाई वाटतं!” मालक मीच, हे सांगवलं नाही. नाक्यावरून चालत आलो, आगाराला अर्ज दिला. काल बस फाटकाशी थांबली. मग उज्वलाताईंना लिहिलं, ‘बस थांबते. पास छापखाना काढेल. याल का?’ शेवटचे शब्द खोडले, पुन्हा लिहिले, पत्र पेटीत टाकलं.